धनुर्वातात शरीराचं धनुष्य का होतं?

धनुर्वात हे नाव ठेवणाऱ्यानं रोगी जवळून पाहिला असणार. डोकं आणि टाचा अंथरुणाला टेकलेल्या, पाठ कमानीसारखी वर ताणलेली. दार वाजलं तरी नवा झटका. स्नायूंना कुणीतरी जादा हुकूम सोडतंय असं वाटतं. खरं तर 'पुरे' म्हणणाऱ्या चेतापेशींचं तोंड बंद झालेलं असतं.

कोपर दुमडताना दंडाचा पुढचा स्नायू आवळतो, त्याच क्षणी मागचा सैल सुटावा लागतो. मज्जारज्जूतल्या छोट्या चेतापेशी ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं सोडून हे घडवतात. धनुर्वाताचं विष याच पेशींत शिरतं आणि रसायनांच्या पुड्या बाहेर सोडायला लागणारं प्रथिन कापून टाकतं. मग पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळतात. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांमधलं स्ट्रिक्नीन हाच घात दुसऱ्या वाटेनं करतं. ग्लायसिन सुटतं, पण त्याची बसायची जागा या विषानं आधीच अडवलेली असते.

मेंदूत हा लगाम मुख्यतः गाबाच्या हाती. पेशीच्या पटलावरच्या दाराशी गाबा बसलं की दार उघडतं आणि क्लोराइडचे ऋणभारित कण आत येतात. पेशी आतून एरवीच उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असते. संदेश पाठवायला तिला साधारण उणे 55 पर्यंत चढावं लागतं. क्लोराइडमुळे ती चढण अवघड होते.

1963 साली बाजारात आलेलं डायझेपाम हे मन शांत करणारं, झोप आणणारं औषध याच दाराच्या दुसऱ्या खाचेत बसतं. स्वतः दार उघडत नाही, गाबा आलं की ते जास्त वेळा उघडेल एवढंच पाहतं. त्याआधीची बार्बिट्युरेट औषधं दार जास्त वेळ उघडं ठेवत आणि मात्रा वाढली तर गाबा नसतानाही उघडत. त्या गोळ्या जास्त झाल्यानं श्वास थांबून कितीतरी माणसं गेली. दारूही याच दाराला हात घालते, म्हणून झोपेच्या गोळीवर दारू पिणं मला फार भीतीचं वाटतं.

अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या की मेंदू त्यांना सरावतो, गाबाला पूर्वीसारखी दाद देईनासा होतो. अशात 'आता बरं वाटतंय' म्हणून एकाएकी गोळी सोडली तर झोप उडते, हात थरथरतात, काहींना फिटही येते. कृपा करून ती मनानं बंद करू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू, काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरवत नेतात.

धनुर्वाताच्या रोग्यालाही अतिदक्षता विभागात डायझेपाम देतात. चेतापेशीत शिरलेलं विष बाहेर काढता येत नाही, पण जे थोडंफार गाबा अजून सुटतंय त्याचा जोर वाढवता येतो. चेतापेशींना नवी टोकं फुटायला कित्येक आठवडे लागतात. तोवर हा उसना लगाम धरून ठेवायचा.