बालगृहातून 18 व्या वर्षी बाहेर पडताना: अनुरक्षण, प्रशिक्षण आणि नोकरीचे अर्ज (कोल्हापूर जिल्हा)

आधी एक घोळ मिटवू, कारण बरेच अर्ज तिथंच अडकतात. अनुरक्षणाची मदत, म्हणजे बालगृह सोडल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी मिळणारी मदत, वेगळी आणि अनाथ प्रमाणपत्र वेगळं. आई किंवा वडील हयात आहेत म्हणून अनाथ प्रमाणपत्र मिळालं नाही, की मुलं धरून चालतात की आपल्याला काहीच मिळणार नाही. तसं नाही. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 46 बघा. वयाची 18 वर्षं पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मदत देता येते, एवढंच ते म्हणतं. अनाथ असण्याची अट त्यात नाही.

मदत साधारण 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत असते. अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं वाढवता येते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली दरमहा 4,000 रुपये थेट स्वतःच्या बँक खात्यावर येतात. शिवाय 2016 च्या आदर्श नियमांतल्या नियम 25 मध्ये सहा ते आठ जणांची तात्पुरती एकत्र राहण्याची सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, सरकारी कौशल्य कार्यक्रमांमार्फत प्रशिक्षण आणि धंद्यासाठी कर्ज किंवा अनुदान हेही आहे. कागदावर आहे म्हणजे कोणी आपणहून आणून देईल असं मात्र समजू नका. मागावं लागतं, तेही लेखी.

आता मुदत. "21 पर्यंत मिळतं" हे ऐकून "21 पर्यंत कधीही अर्ज करू" असा अर्थ मुलं काढतात आणि फसतात. सुटकेनंतरचा आराखडा, म्हणजे बालगृह सोडल्यावर पुढं काय याची योजना, परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसर) किंवा समाजसेवकानं तयार करायचा असतो आणि मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी तो बाल कल्याण समितीपुढं, म्हणजे मुलांना बालगृहात ठेवण्याचे आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढं, ठेवायचा असतो. त्यावर समिती नमुना 37 मध्ये आदेश देते. हा आदेश नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातून पैसे सुटत नाहीत. म्हणून सतरा पूर्ण झाली की बालगृहाच्या अधीक्षकांच्या मागं लागा. माझा आराखडा झाला का, समितीपुढं गेला का, तारीख काय? विचारायला लाज कसली, नियमच तसा आहे. आदेशाची एक प्रत स्वतःकडं ठेवा. आदेशाशिवाय आधीच बाहेर पडला असाल तरी समितीकडं लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या आणि नकार आला तर तो लेखी मागा. "साहेब नाही म्हणाले" याला कागदाची किंमत नसते.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त हेलपाटे आधार आणि बँक घालायला लावतात. आधारला जोडलेला मोबाईल बहुतेक वेळा संस्थेतल्या ताईंचा किंवा जुन्या अधीक्षकांचा असतो. मुलगी नेट कॅफेत फॉर्म भरत बसलेली असते, ओटीपी तिकडं कुणाच्या तरी फोनवर वाजतो, त्या मॅडमची बदली झालेली असते आणि फोन लागेपर्यंत ओटीपी संपलेला असतो. बाहेर पडण्याआधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याच फेरीत नावही बघा. कित्येकांच्या आधारवर नुसतं पहिलं नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर संस्थेनं दिलेलं आडनाव आहे आणि फॉर्ममध्ये आडनावाच्या रकान्यावर लाल फुली. दाखला, आधार आणि पासबुक यांत नाव अक्षरन् अक्षर एक हवं.

बँकेचं खातं अज्ञान (18 पेक्षा लहान) मुलाचं म्हणून उघडलेलं असतं. 18 पूर्ण झाल्यावर नवी केवायसी आणि स्वतःच्या सहीचा नमुना दिला नाही तर व्यवहार थांबतात आणि अनुदान येतं तसं परत जातं. खात्याला आधार नुसतं जोडून भागत नाही. सरकारी अनुदान जमा होण्यासाठी ते त्या खात्याशी मॅप झालंय का, हे बँकेत विचारून घ्या.

जन्मदाखला नाही? कलम 94 नुसार समिती आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघते, नंतर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. समितीनं नोंदवलेलं वय हेच या कायद्यापुरतं खरं वय धरायचं, असं कलम सांगतं. खिडकीवर कोणी जन्मदाखल्यावर अडून बसलं तर समितीचा वयाबद्दलचा आदेश पुढं करा.

अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल, हा खरा खोडा आहे. शहरातल्या मुलांना तो करवीर तहसीलमधून काढावा लागतो आणि पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात. एसटी स्टँडवर नवव्या वर्षी सापडलेल्या मुलानं आधीची वर्षं कुठून आणायची, हे कुणी सांगत नाही. संस्थेत दाखल केल्याचा समितीचा आदेश, शाळेचे सगळे बोनाफाईड आणि अधीक्षकांचं मुक्कामाचं पत्र एकत्र जोडा. हे काम बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. तेव्हा सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

अनाथ प्रमाणपत्र ज्यांना लागू आहे त्यांनी ते जरूर काढावं. राज्यात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे. 2023 च्या शासन निर्णयात संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन प्रकार केले आहेत, त्यामुळं मामाकडं किंवा आजीकडं वाढलेल्यांनाही अर्ज करता येतो, पण आईवडील दोघांचेही मृत्यू दाखले लागतात. अर्ज जिल्ह्यात द्यायचा, सही मात्र पुण्याच्या विभागीय उपायुक्तांची. फाईलला जाऊन यायला वेळ लागतो, त्यामुळं भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आयटीआयचा प्रवेश ऑनलाईन होतो. कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमधून वेल्डर, टर्नर, मशिनिस्ट झालेल्यांना शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत काम मिळण्याची शक्यता बरी असते. प्रवर्गाच्या रकान्यात 'अनाथ' निवडायचं राहून गेलं तर प्रमाणपत्र घरात असून उपयोग नाही. महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी दहा मिनिटांची आहे, तीही करून टाका. आणि ठेकेदाराकडं कामाला लागताना मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. झेरॉक्स द्या, तीही स्वतः सही करून.