थंड खोली आणि स्थिर खोली

लॅबमध्ये नवीन उपकरण यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "एसी किती टनांचा लावायचा?" हा प्रश्न खोली थंड करण्याचा झाला. सर्व्हर ठेवायचे असतील तर तेवढ्यावर भागतं. तापमान दोन अंश इकडेतिकडे झालं तरी त्यांचं काही बिघडत नाही. मोजमापाच्या उपकरणाला मात्र स्थिर खोली लागते.

साधा स्प्लिट एसी 22 वर ठेवला तरी खोली 22 वर बसून राहत नाही. खोली पुरेशी गार झाली की कॉम्प्रेसर बंद होतो, थोडी तापली की परत सुरू होतो. सरासरी 22, आणि दिवसभर झोके. टनेज जास्त घेतलं तर ही चालू-बंद आणखी वाढते. आपल्याला ते कळतही नाही, पण चौथ्या दशांशापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्याला कळतं. ओव्हनमधून काढलेलं क्रुसिबल (नमुना तापवायचं छोटं भांडं) घाईघाईने त्यावर ठेवून बघा. गरम भांड्याभोवतीची हवा वर चढताना भांड्यालाही किंचित उचलते, वजन कमी भरतं, आणि भांडं निवेल तसा आकडा चढत राहतो. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ते पूर्ण निवेपर्यंत थांबायचं ते म्हणूनच.

लांबीचं तसंच. 100 मिलिमीटरचा स्टीलचा गेज ब्लॉक, म्हणजे लांबी ताडून बघायचा प्रमाण ठोकळा, एका अंशाला साधारण 1.15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतो. लांबीच्या मापांसाठी 20 अंश हे प्रमाण तापमान 1931 पासून ठरलेलं आहे. तरी खोली सलग 25 वर असेल तर फारसं बिघडत नाही, पावणेसहा मायक्रॉन वजा केले की झालं. पण तापमान वरखाली होत असेल तर वजा किती करायचं? थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो आणि जाड स्टील हवेच्या बरंच मागे रेंगाळत असतं.

म्हणून माझ्या मते झोके खाणाऱ्या 20 पेक्षा ठाम 24 बरे. रात्री वीज वाचवायला एसी बंद करून सकाळी मोजायच्या तासभर आधी लावणं ही तर सगळ्यात महागडी काटकसर. त्या तासात हवा गार होते, पण ज्यावर मोजायचं ते ग्रॅनाइटचं टेबल होत नाही.

आणि माणसं! एक माणूस बसल्या जागी सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो. रीडिंग बघायला चौघं काट्याभोवती वाकले, की खोलीत 400 वॅटचा हीटर लागलाच म्हणा.