पोलादाला थंडी बाधते तेव्हा

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि नाशिककर कानटोप्या शोधू लागतात. आपली थंडी एवढीच. त्यामुळे हिमालयात हिवाळी ट्रेकला निघालेला आपला माणूस दुकानात सगळ्यात मोठा, करवतीचे दात असलेला चाकू उचलतो, यात नवल नाही. पण उणे वीस-तीस अंशांत पोलाद वेगळं वागतं. ते का, हे नीट कळायला मात्र जहाजं फुटावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पत्रे वेल्डिंगने जोडून घाईघाईने मालवाहू जहाजं बांधली. त्यातली काही थंड समुद्रात तडकली. ‘स्केनेक्टडी’ हा कोरा टँकर तर जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंडच्या धक्क्याला, संथ पाण्यात उभ्या उभ्या दुभंगला. आधी खापर फुटलं वेल्डिंगवर. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की खोट पोलादातच होती. ठरावीक तापमानाखाली ते वाकेनासं होतं आणि काचेसारखं फुटतं. चाकूचं पातं तर जहाजाच्या पत्र्याहून कितीतरी कडक, म्हणजे तुटायला आधीच टेकलेलं.

आपला लोहार यातलं अर्धं शास्त्र ‘पाणी’ या एका शब्दात सांगतो. विळा लाल करून विझवला की त्याला पाणी चढतं. पाणी फार कडक झालं तर धार टिकते, पण दगडाला लागताच टवका उडतो. म्हणून तो विळा पुन्हा थोडा शेकून पाणी उतरवतो. थंडीतल्या पात्याचं पाणी असंच जरा उतरलेलं बरं. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापाने ५६ ते ५८ पुष्कळ झालं. ६२ चा आकडा मिरवणारं पातं घरी कांदा चिरायला ठेवावं.

बर्फात जन्म काढणाऱ्यांना हे आकडे लागले नाहीत. ब्रिटिश दर्यावर्दी जॉन रॉस १८१८ मध्ये वायव्य ग्रीनलंडला पोचला, तेव्हा तिथल्या इनुइटांकडे लोखंडी धारेचे चाकू होते. ना खाण, ना भट्टी! ते लोखंड आकाशातून पडलेलं होतं. तिथल्याच केप यॉर्कच्या उल्केचे कपचे न तापवताच ठोकून चपटे करायचे आणि हाडाच्या किंवा दाताच्या मुठीत ओळीने बसवायचे. पुढे अमेरिकी ध्रुवसंशोधक रॉबर्ट पिअरीने त्या उल्केचे मोठे तुकडे जहाजात घालून न्यूयॉर्कला नेले, ती वेगळीच कथा.

फिनलंडचा ‘पुक्को’ हा चाकू आजही जवळजवळ पूर्वीसारखाच आहे: वीतभरही नसलेलं पातं आणि बर्चच्या लाकडाची मूठ. फांद्या तोडायच्या, लाकूड फोडायचं, तर उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांचा ‘लेउकू’ हा मोठा चाकू. स्वीडनच्या मोरा गावच्या कारागिरांनी आणखी एक तोड काढली. कडक पोलादाची पट्टी दोन मऊ थरांच्या मध्ये घातली. धार कडक पट्टीची, धक्का सोसायला मऊ थर. लाकडी मुठीचं कारण तर हातालाच विचारावं. कडाक्याच्या थंडीत उघडी धातू कातडीला चिकटते, सोडवताना साल निघते. मुठीच्या दोन्ही कडांनी चमकणारी पोलादी पट्टी दुकानात मजबुतीची खूण म्हणून दाखवतात. बर्फात तीच हातातली ऊब ओढून घेते. घडीचा चाकूही तिथे कटकटीचा, कारण जाड हातमोज्यांत तो उघडत नाही आणि बिजागरीतलं तेल घट्ट होऊन बसतं.

मग तो दातेरी, अक्राळविक्राळ चाकू आला कुठून? अमेरिकी वैमानिकांच्या चाकूला करवत होती, ती पडलेल्या विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर यायला. पुढे दातेरी चाकूला पोकळ मूठ आली, झाकणात होकायंत्र आलं आणि १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या हॉलिवूडपटाने ती फॅशन जगभर नेली. पोकळ मुठीच्या बहुतेक चाकूंत पात्याचं शेपूट मुठीत खोल जातच नाही. लाकूड फोडायला घ्या, सांधा आधी जातो.

आपण जातो त्या हिमालयात साधारण चार हजार मीटरच्या वर फोडायला लाकूडच नसतं. दोरी कापायची, पाकिटं उघडायची, गोठलेला पट्टा सोडवायचा. त्याला चार इंची पातं पुरतं. विमानाने जाणार असाल तर तेही केबिनच्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.