काळा मृत्यू : प्रसाराच्या वाटा आणि बचावलेले प्रदेश

काळा मृत्यू : इ. स. १३४६ ते १३५३ या काळात काळ्या समुद्रापासून नॉर्वेपर्यंत आणि ईजिप्तपासून रशियापर्यंत पसरलेली प्लेगची महासाथ. युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे तिच्यात दगावली. काही अभ्यासक हे प्रमाण निम्म्याच्याही वर नेतात. ‘काळा मृत्यू’ हे नाव नंतरच्या शतकांत रूढ झाले. त्या काळचे लोक तिला ‘मोठी मरी’ म्हणत. या साथीच्या जुन्या नकाशांत काळ्या रंगात मधेच काही ठिपके पांढरे ठेवलेले दिसतात : मिलान, पोलंड, बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग), आइसलंड. हे प्रदेश का सुटले याचे उत्तर रोग कोणत्या वाटेने गेला यात आहे. मात्र सगळे ठिपके एकाच कारणाने पांढरे राहिलेले नाहीत, आणि काही तर मुळात पांढरे नव्हतेच.

प्लेग हा मूळचा उंदीर, खारी, मार्मोट अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग. त्याचा जंतू अलेक्झांडर येरसँ याने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. पिसू या जंतूचे वहन करते, हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. जंतू वाढून पिसवेचे अन्ननलिकेचे तोंड बुजते. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि गिळता न आलेले रक्त जंतूंसह चाव्यात परत सोडते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात. महाराष्ट्रात १८९६ नंतरच्या साथीत हा क्रम घरोघर ठाऊक झाला होता. गावात उंदीर पडू लागले एवढे कळले, की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालून राहत. चावा बसल्यापासून थोड्याच दिवसांत ताप भरतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. रोग फुप्फुसात उतरला, तर तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो आणि उपचाराविना रोगी जवळजवळ हमखास मरतो. मध्ययुगातल्या साथीचा झपाटा मोठा होता. त्यामुळे माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि कपड्यांतल्या उवा यांचाही प्रसारात हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

साथीचा उगम मध्य आशियात शोधला जातो. किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवराच्या परिसरातील ख्रिस्ती दफनभूमीत १३३८ व १३३९ या दोन वर्षांच्या थडग्यांची संख्या एकाएकी वाढलेली आहे. काही शिळांवर मृत्यूचे कारण सिरियाक भाषेत ‘मरी’ असेच कोरले आहे. तेथील सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचे डीएनए मिळाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा टप्पा क्रिमियातील कफ्फा हे जेनोआच्या व्यापाऱ्यांचे बंदर. जानी बेग या मंगोल खानाने या शहराला वेढा घातला होता. त्याच्या सैन्यात साथ पसरली तेव्हा त्याने प्रेते गोफणयंत्रांनी तटाच्या आत फेकली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती लिहिणारा गाब्रिएले दे मुस्सी इटलीतल्या पियाचेंझाचा. तो कफ्फाला नव्हता. प्रेतांपेक्षा धान्याकडे पाहणे अधिक पटते. युद्धामुळे काळ्या समुद्राचा व्यापार अडला होता आणि इटलीत पिके बुडून दुष्काळ पडला होता. १३४७ मध्ये व्यापार पुन्हा खुला झाला आणि धान्याची गलबते पश्चिमेकडे निघाली. धान्याच्या कोठारात उंदीर असतात, पोत्यांत आणि भुश्शात पिसू तगून राहते. भुकेल्या शहरांनी ज्या गलबतांची वाट पाहिली, त्यांच्यातूनच मरण उतरले.

१३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, त्याच वर्षी अलेक्झांड्रिया, ऑक्टोबरात सिसिलीतील मेस्सीना, वर्षअखेरीस मार्सेय. १३४८ मध्ये व्हेनिस, फ्लॉरेन्स, पॅरिस आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा. १३४९ मध्ये नॉर्वेतील बर्गेन. मॉस्कोला रोग सर्वांत शेवटी, १३५३ च्या सुमारास पोचला आणि त्यात महाराजा सिमेओन मरण पावला. नकाशावर मॉस्को कफ्फापासून सरळ उत्तरेला आहे. तरी साथीने भूमध्य समुद्र, अटलांटिक किनारा आणि बाल्टिक असा सारा वळसा घेऊन रशिया गाठला. रोग अंतर मोजून चालत नव्हता, तो मालाच्या मागे चालत होता. इटलीतील सिएनामध्ये इतिवृत्तकार आन्योलो दी तूरा याने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. त्या शहराच्या कॅथीड्रलचे वाढवायला घेतलेले काम थांबले ते कायमचेच. त्या अर्धवट भिंती आजही उभ्या आहेत.

‘बचावलेल्या’ प्रदेशांपैकी मिलानचे उदाहरण सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. तिथे तीन घरांत प्लेग आढळताच दारे-खिडक्या चिणून टाकल्या आणि आजारी-निरोगी सगळ्यांना आत मरू दिले, असे सांगितले जाते. १३४८ मध्ये मिलानला इतर इटालियन शहरांच्या मानाने फारच कमी झळ लागली हे खरे. पण ते श्रेय केवळ या क्रौर्याला देणे घाईचे ठरेल. शहर समुद्रापासून दूर होते आणि भोवती पो नदीचे सुपीक खोरे असल्याने परक्या धान्यावर फारसे अवलंबून नव्हते. शिवाय सुटका तात्पुरतीच होती : १३६१ च्या साथीने मिलानला जबर तडाखा दिला. बोहेमियातही पहिली लाट सौम्य गेली आणि १३८० च्या सुमारास मोठी साथ आली.

पोलंडचे श्रेय राजा काझीमिर (राज्यकाल १३३३–७०) याने सीमेवर केलेल्या बंदोबस्ताला देण्याची प्रथा आहे. या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार तोकडा आहे. जिथे नोंदी विरळ, तिथे नकाशा काढणाऱ्याने कोरा रंग सोडला, ही शक्यताही दुर्लक्षून चालत नाही. २०२२ मध्ये १९ देशांतील २६१ ठिकाणच्या तळ्यांच्या व दलदलींच्या गाळातील परागकण तपासून पुरावा मिळवण्याची एक नवी रीत काढली गेली. माणसे मेली की शेते पडीक पडतात, पिकांचे पराग घटतात आणि झाडोऱ्याचे वाढतात. अशी घट स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, नैर्ऋत्य जर्मनी, मध्य इटली व ग्रीसमध्ये दिसली. पोलंड व बाल्टिक प्रदेशात शेती चालू राहिली, कुठे वाढलीसुद्धा. विरळ वस्ती आणि मोठ्या व्यापारी वाटांपासूनचे अंतर ही कारणे राजाच्या हुकुमापेक्षा भक्कम वाटतात.

यहुदी लोक कमी मरतात, कारण विहिरींत विष तेच कालवतात, ही अफवा मात्र कुठल्याही अर्थाने स्पष्टीकरण नव्हती. तेही इतरांप्रमाणेच मरत होते आणि पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्ये तसे जाहीरही केले. तरी १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबूर्गमध्ये शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. साथ तोवर त्या शहरात पोचलीही नव्हती.

आइसलंडची सुटका सर्वांत स्पष्ट आहे. १३४९ मध्ये बर्गेनला आइसलंडकडे जाणारे जहाज सज्ज होते, पण खलाशीच मेले आणि जहाज सुटले नाही. त्या बेटाचा नॉर्वेशी असलेला व्यापार इतका तुटपुंजा होता, की एवढे पुरले. १४०२ मध्ये प्लेग जहाजातूनच आला आणि दोन वर्षांत बेट उद्ध्वस्त करून गेला. त्या काळच्या आइसलंडमध्ये काळ्या उंदराच्या खुणा उत्खननांत मिळत नाहीत. म्हणून उंदराविना प्लेग कसा पसरला, हा वाद तिथून सुरू होतो.

दूर राहणे उपयोगी पडते, हे त्या काळी ओळखणारेही होते. स्पेनमधील ग्रॅनडा या मुसलमानी राज्याचा वजीर आणि वैद्य इब्न अल-खतीब याने रोग कपडे, भांडी, एवढेच काय कानातल्या डुलांतूनही लागतो, असे लिहून ठेवले. आफ्रिकेतील तंबूंत राहणाऱ्या भटक्यांना तो लागला नाही, हेही त्याने नोंदले. मोरोक्कोतील साले येथील इब्न अबी मदयन याने शिधा भरून घेऊन कुटुंबासह घराचे दार चिणून घेतले आणि शहर ओस पडत असताना त्याच्या घरातले कोणीही गेले नाही. मिलानच्या बंद दारांआड मरण होते, सालेच्या दाराआड जीव वाचले. भिंत घालायची वेळ साथ आत शिरण्याआधीची हवी. राग्यूसा (आजचे डुब्रॉव्हनिक) या बंदराने १३७७ मध्ये हेच कायद्यात आणले आणि बाधित भागातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवले.

भारतातील चौदाव्या शतकातल्या प्लेगचा ठोस पुरावा मिळत नाही. वारंगळच्या मोहिमेत महंमद तुघलकाच्या लष्करात साथ पसरून त्याला दौलताबादला परतावे लागले, पण तिच्या वर्णनांत काखेतल्या-जांघेतल्या गाठी येत नाहीत. त्या गाठी ठळकपणे येतात जहांगीराच्या आत्मवृत्तात, १६१६ नंतरच्या साथीच्या संदर्भात. आसफखानाच्या मुलीने बादशहाला सांगितलेली हकिगत त्यात आहे : अंगणात एक उंदीर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात आला, मांजराने त्याला तोंडात धरले आणि किळस येऊन लगेच टाकले. मांजर आजारी पडले, मग घरातल्या दासीला गाठ आली. दख्खनमध्ये औरंगजेबाच्या छावणीत १६८८ मध्ये विजापूरला प्लेग शिरला. त्यात त्याची बेगम औरंगाबादी महल दगावली.