धनिष्ठा: छोट्याशा शंकरपाळ्यामागचा मोठा इतिहास

पाऊस गेला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास वर बघा, श्रवण नक्षत्राचा तेजस्वी तारा सापडला की त्याच्या ईशान्येला थोड्या अंतरावर चार ताऱ्यांचं एक शंकरपाळं आणि त्याला लागून शेपटीसारखा एक तारा दिसेल, तेच आपलं धनिष्ठा नक्षत्र. तारे फिकट आहेत, शहराच्या उजेडात दिसतीलच असं नाही, पण एकदा नजरेत बसली की मग चुकत नाही.

ग्रीकांना इथे डॉल्फिन दिसला. एरियन नावाच्या गवयाला खलाशांनी लुटून समुद्रात उडी मारायला लावली तेव्हा एका डॉल्फिनने त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणलं, ही गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही सांगितलीय. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत हा आहेच.

आपल्याकडे मात्र धनिष्ठेचा मान फार मोठा होता. तिचं जुनं नाव श्रविष्ठा, देवता अष्टवसू. वेदांग ज्योतिष या कालगणनेच्या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचं युग सुरू होतं ते माघ महिन्यात, सूर्य-चंद्र दोघं श्रविष्ठेपाशी आले की, आणि उत्तरायणही तिथूनच. महाभारतातही 'धनिष्ठादि', म्हणजे धनिष्ठेपासून सुरू होणाऱ्या काळाचा उल्लेख आहे. पण पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, त्यामुळे उत्तरायण सुरू होण्याचा बिंदू सरकत गेला आणि ज्योतिषी वराहमिहिरानं सरळ लिहून ठेवलं की पूर्वी तसं होतं, आता उत्तरायण मकर राशीच्या आरंभी होतं. जुनं शास्त्र आणि डोळ्यांना दिसणारं आकाश जुळत नाही हे इतक्या मोकळेपणानं सांगणं मला तरी फार मोठं वाटतं.

यातल्या दोन ताऱ्यांची नावं सुआलोसिन आणि रोटानेव. १८१४ च्या, इटलीतल्या पालेर्मो वेधशाळेच्या तारासूचीत ती आली, पण अर्थ कुणालाच लागेना. पुढे इंग्लिश खगोल अभ्यासक थॉमस वेबनं ती उलटी वाचली तर निघालं निकोलाउस वेनाटोर, म्हणजे तिथल्या वेधशाळेत खगोलज्ञ पियाझ्झीचा सहायक असलेल्या निकोलो काच्चातोरेच्या नावाचं लॅटिन रूप! आज ही नावं अधिकृत आहेत.

आणि पंचक? अर्ध्या धनिष्ठेपासून रेवती नक्षत्रापर्यंत चंद्र असतो ते पाचेक दिवस, अशुभ मानलेले, म्हणून घरात कुणी गेलं की अजूनही आधी कॅलेंडर बघितलं जातं. पण चंद्र या शंकरपाळ्याजवळ कधी येतच नाही, तो साधारण ३० अंश दक्षिणेकडून जातो. पंचकातली धनिष्ठा म्हणजे चंद्राच्या वाटेचा मोजून पाडलेला एक भाग, वरचे हे तारे नव्हेत.