हळदीचा डाग आणि बॉडी वॉशच्या तीन बाटल्या

आमच्या बाथरूममध्ये सध्या बॉडी वॉशच्या तीन बाटल्या आहेत. माझी लव्हेंडरची, लेकीनं ऑनलाइन मागवलेली संत्र्याची आणि बायकोची चक्क हळद-चंदनवाली. सांगलीत राहून हळद बाटलीतनं विकत घ्यायची म्हणजे कमालच, ज्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ती इथं मार्केट यार्डात पोत्यांनी पडलेली असते. म्हटलं बघू तरी आत काय आहे, मागचं लेबल इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून झूम करून वाचलं.

तिन्हीत पहिलं नाव पाणी. लेबलवर जे जास्त ते आधी लिहितात, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही मागंपुढं चालतात. माझ्या आणि बायकोच्या बाटलीत पाण्यानंतर सोडियम लॉरेथ सल्फेट, मग कोकामिडोप्रोपिल बीटाइन, मग सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठच! सल्फेट फेस करतं आणि मळ काढतं, बीटाइन त्याचा कडकपणा जरा कमी करतं, आणि मीठ कशाला तर घट्टपणासाठी. फेसाच्या रेणूंचे पाण्यात गोळे होतात, मीठ पडलं की ते गोळे लांब शेवयांसारखे होऊन एकमेकांत गुंततात आणि पातळ पाणी जेलीसारखं होतं. महिनाअखेरीला बाटलीत पाणी घालून हलवणाऱ्यांनी हे उलट्या बाजूनं बघितलेलं आहे, थोडंसंच पाणी घातलं तरी एकदम पाणचट होतं ते यामुळंच (आणि प्रिझर्वेटिव्ह पण पातळ होतं, त्यामुळं तशी बाटली फार दिवस ठेवू नये). म्हणजे घट्ट म्हणजे भारी असं काही नाही, घट्टपणा मिठाचा आहे.

हळद शोधायला शेवटाकडं जावं लागलं. ईडीटीए नावाचा घटक अगदी चिमूटभर लागतो, पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायला, आणि हळदीचा अर्क त्याच्याही मागं. म्हणजे एक टक्का तर सोडाच, त्याहून कमीच. मग एवढा पिवळाधम्मक रंग कुठनं आला? शेवटी लिहिलंय की, सीआय १९१४०, म्हणजे टार्ट्राझिन, खायच्या पदार्थांत पण वापरतात तोच पिवळा रंग. वास म्हणाल तर हळदीचा नाहीच, सगळा परफ्यूमचा.

हा परफ्यूम शब्द मोठा लबाड आहे, एका शब्दात डझनावारी रसायनं बसतात. युरोपात नियम असा की ॲलर्जी देणारे ठरावीक घटक धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असले तर नावानिशी लिहायचे, म्हणून काही लेबलांवर लिनालूल, लिमोनिन अशी नावं दिसतात. माझ्या बाटलीवर लिनालूल आहे, लव्हेंडरच्या वासात तेच असतं, आणि गंमत म्हणजे आपल्या धन्याच्या तेलात पण मुख्य तेच. लिमोनिन संत्र्याच्या सालीतलं. हे दोन्ही ताजे असताना फारसा त्रास देत नाहीत, पण हवा लागून जुने झाले की त्यांचे जे पदार्थ बनतात ते काहींच्या कातडीला झोंबतात. त्यामुळं झाकण उघडं टाकून वर्षभर बाटली पुरवण्यात काही शहाणपणा नाही.

आता लेकीची संत्र्याची. तिच्यात सल्फेट नाहीच, लॉरिक ॲसिड, मायरिस्टिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड. मी म्हटलं अगं हा तर पातळ साबण आहे, तेलातली आम्लं आणि अल्कली एकत्र आली की साबणच होणार. ती काय ऐकेना, म्हणून एक जुना पांढरा रुमाल घेतला, ओल्या हळदीचे चार डाग पाडले. एकावर अंगाचा साबण, बाकी तिघांवर तीन बाटल्या. साबणाचा डाग लगेच विटकरी लाल, संत्र्यावाला पण लाल, लव्हेंडर आणि हळद-चंदनवाले पिवळेच राहिले.

हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं म्हणून हे घडतं. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, आकडा मोठा तितकी अल्कली जास्त) ९-१० च्या घरात, आपल्या कातडीचा ५ च्या आसपास. लाल झालं म्हणजे विष आहे असं नाही हं, कातडी काही तासांत आपला पीएच परत आणते, पण ज्यांची आधीच कोरडी त्यांना अंघोळीनंतर ओढल्यासारखं होतं. शिवाय आमच्याकडं बोअरचं जड पाणी, त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि बादलीच्या कडेला तो पांढरा चिकट थर बसतो, सल्फेटवाल्यांचा तसा बसत नाही.

लाल डागांवर लिंबू पिळलं तर ते परत पिवळे झाले, लेक म्हणाली जादू. डाग मात्र एकही गेला नाही, शेवटी बायकोनं रुमाल गच्चीवर उन्हात टाकला, हळदीचा डाग उन्हानंच उडतो हे तिला लेबल न वाचता माहीत होतं.