व्यसनधोरण

व्यसनधोरण : दारू, तंबाखू आणि अमली पदार्थ यांच्या सेवनातून होणारी हानी आटोक्यात ठेवण्यासाठी शासन जे कायदे, कर, निर्बंध व उपचारसेवा योजते, त्यांना मिळून व्यसनधोरण म्हणतात. वैद्यक, साथरोगशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र अशा शाखांतील संशोधनाचा त्याला आधार असतो. निदान तशी अपेक्षा असते.

प्रत्यक्षात कोणत्या पदार्थावर किती कडक कायदा आहे, हे त्याच्या घातकपणावरून ठरलेले दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे दगावतात. २०१९ साली दारूमुळे सुमारे २६ लाख, तर अमली पदार्थांमुळे सुमारे ६ लाख मृत्यू झाले. तुरुंगाची शिक्षा मात्र बहुतेक देशांत तिसऱ्या गटासाठीच राखलेली आहे. कायद्याचा धाक नसता तर तिसरा आकडा फुगला असता, असे म्हणता येईल. तरी विसंगती उरतेच. तिचे मूळ इतिहासात आहे. अफू, कोका, गांजा आणि पुढे मनावर परिणाम करणारी कृत्रिम द्रव्ये यांच्यासाठी १९६१, १९७१ व १९८८ साली संयुक्त राष्ट्रांचे तीन करार झाले. दारू आणि तंबाखू तोवर श्रीमंत देशांच्या व्यापारात, करउत्पन्नात आणि रोजच्या जगण्यात पुरते मुरले होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दारूविषयीचा सगळा विचार दारुड्याभोवती फिरत होता. आधी त्याला दुर्गुणी मानत, मग रोगी मानू लागले. मद्यपानाचे अमेरिकी अभ्यासक ई. एम. जेलिनेक यांनी १९६० साली ही रोगसंकल्पना सविस्तर मांडली. तिने उपचारांना प्रतिष्ठा मिळवून दिली, पण रोग मूठभरांना होतो, बाकीच्यांनी खुशाल प्यावे, असा सोयीचा अर्थही तिच्यातून काढला गेला. फ्रान्समधील सुली लेदरमान यांनी १९५६ सालीच वेगळी दिशा दाखवली होती: लोकसमूहाचे सरासरी मद्यसेवन वाढले की अतोनात पिणाऱ्यांचे प्रमाणही वाढते. त्यांच्या गणिती सूत्रावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती, पण मूळ निरीक्षण टिकले. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने हृदयविकाराच्या संदर्भात मांडलेला प्रतिबंधाचा विरोधाभास दारूलाही लावला गेला. त्याचा अर्थ असा: अपघात, मारामाऱ्या, बुडलेले कामाचे दिवस यांचा मोठा वाटा बेताने पिणाऱ्यांच्या खात्यावर पडतो, कारण त्यांची संख्याच मोठी असते. म्हणून उपचार कितीही चांगले असले, तरी एकूण खप घटल्याशिवाय समाजाची हानी फारशी घटत नाही.

खप घटवणारे उपाय कोणते, याबद्दल संशोधकांत बऱ्यापैकी एकमत आहे: कर वाढवून किंमत चढी ठेवणे, विक्रीची ठिकाणे व वेळा मर्यादित करणे, जाहिरातींवर बंदी घालणे. शाळांतली व्याख्याने आणि भित्तिपत्रके यांचा परिणाम त्या मानाने फिका आढळतो. सरकारांना मात्र हेच उपाय आवडतात. त्यांनी कोणी दुखावत नाही.

उपलब्धता घटवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग सोव्हिएत संघात झाला. मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी १९८५ साली दारूविरोधी मोहीम उघडल्यावर पुरुषांचे सरासरी आयुर्मान दोनच वर्षांत स्पष्टपणे वाढले. त्याच वेळी घरोघरी दारू गाळली जाऊ लागली, दुकानांतून साखर नाहीशी झाली आणि सरकारी तिजोरीला खिंडार पडले. मोहीम गुंडाळल्यानंतरच्या वर्षांत आयुर्मान पूर्वीपेक्षाही खाली गेले, अर्थात त्याला संघाच्या विघटनानंतरची आर्थिक पडझडही कारण होती. मोहीम फसली असे सर्रास म्हटले जाते, पण मृत्यूंचे आकडे पाहता तो निकाल घाईचा वाटतो. स्कॉटलंडने बंदीपेक्षा संयमित मार्ग धरला. तेथे मे २०१८ पासून मद्यार्काच्या प्रत्येक एककाला (१० मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला) किमान ५० पेन्स किंमत लागू झाली. स्वस्त आणि कडक दारूलाच तिची झळ बसली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले.

अमली पदार्थांच्या बाबतीत ‘एकदा अडकला तो कायमचा अडकला’ या समजुतीला अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांच्या अभ्यासाने तडा दिला. व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तेथे अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. भोवताल बदलला की व्यसनाची पकड सैल होऊ शकते, हे त्यातून दिसले. ज्यांचा भोवताल बदलत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर यांनी १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये मेथाडोनचा उपचार पुढे आणला. हेरॉइनऐवजी रोज मोजून दिलेले औषध, असे त्याचे स्वरूप आहे. एका नशेच्या जागी दुसरी दिली, हा आक्षेप आजही घेतला जातो. पण उपचार चालू असेपर्यंत मृत्यूचे प्रमाण खूपच कमी राहते. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरता साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून वगळले आणि सोबत उपचारसेवा वाढवल्या. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२१ पासून तसेच केले, पण उपचारांची व्यवस्था मागे राहिली. २०२४ साली तेथे पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले.

संशोधनाला पैसा कोण पुरवतो, हा प्रश्न तंबाखूने पुढे आणला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी वृत्तपत्रांत निवेदन देऊन स्वतःच संशोधनाला निधी देण्याची घोषणा केली. हेतू शंका जिवंत ठेवण्याचा होता, हे पुढे खटल्यांतून बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदपत्रांनी उघड केले. म्हणूनच २००५ साली अमलात आलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात, उद्योगाच्या हितसंबंधांपासून धोरणाचे संरक्षण करण्याचे स्वतंत्र कलम आहे. दारूसाठी असा करार नाही. आरोग्य संघटनेने २०१० साली स्वीकारलेली मद्यविषयक रणनीती सदस्य देशांवर बंधनकारक नाही आणि तसे कलमही तिच्यात नाही.